चिंचगल्लीची हाक

महिला राष्ट्रीय लीगमधली सगळ्यांत वेगवान स्ट्रायकर पेनल्टी बॉक्समध्ये एकटी उभी होती आणि तिला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. गुवाहाटीच्या बचावपटू तिच्याकडे पाठ करून भलतीकडेच धावत होत्या. ईश्वरी हात वर करून ओरडत होती, "वहिनी! अगं वहिनी!" आणि तिची वहिनी, म्हणजे आमची कप्तान शर्वरी सरनाईक, बरोबर त्या बचावपटूंच्या घोळक्यात पास देऊन मोकळी झाली.

बॉल गेला, सामना गेला आणि आमचा करवीर फुटबॉल क्लब गुणतक्त्याच्या तळाला गेला. लीगचा नियम सरळ होता. हंगाम संपताना जो तळाला असेल, त्याचं लायसन्स काढून दुसऱ्या शहराला द्यायचं. म्हणजे पुढच्या वर्षी कोल्हापूरला क्लब नाही. ज्या गावात दोन तालमींच्या सामन्यासाठी लग्नाचे मुहूर्त पुढे ढकलतात, त्या गावाला कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून सांगणार होतं की तुमच्याकडे फुटबॉल नाही. माझं तर डोकंच फिरलं होतं.

मी रेणुका गायधनी. नाशिकची. क्लबमध्ये माझं काम 'चाहूल' सांभाळायचं. चाहूल म्हणजे काय, ते आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. खेळाडू पास देते तेव्हा तो पायातून निघण्याआधीच शरीरातून निघालेला असतो. टेकलेल्या पायाचा अंगठा वळतो, कंबर किंचित फिरते, खांदा उतरतो, नजर एकदा जाऊन येते. माणसाला हे दिसत नाही, कारण सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांना दिसतं. चाहूल प्रत्येक खेळाडूचे जुने सामने पाहून तिच्या शरीराच्या खोडी शिकते आणि बॉल निघायच्या आत सांगते, आता हा कुठे जाणार. ती खबर बचाव करणाऱ्या मुलीच्या नडगीच्या पॅडमध्ये जाते. डावीकडे गुदगुली झाली की डावीकडे पळायचं, उजवीकडे झाली की उजवीकडे.

सगळ्या क्लबांकडे ही यंत्रणा होती, म्हणून लीग म्हणायची की सगळे समान. समान कसले! ज्यांच्या खोडी जास्त, ते मेले. आणि आमच्या पोरी गल्लीत वाढलेल्या, नखशिखांत खोडीच खोडी.

चाहूल नेहमी समोरच्या संघावर लावतात. गुवाहाटीचा सामना हरल्यावर मी ती आमच्याच कप्तानावर लावली, आणि जे दिसलं ते पाहून खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आले. शर्वरीच्या पायात बॉल असताना आणि ईश्वरी बॉक्समध्ये असताना तो पास ईश्वरीकडे जाण्याची शक्यता चाहूलच्या मते जवळजवळ शून्य होती. म्हणून तर तिला कुणी अडवत नव्हतं. देशभरातल्या बचावपटूंना ठाऊक होतं की ही भावजय या नणंदेला बॉल देत नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या दोघींना.

कोल्हापूर माहीत नसलेल्यांसाठी एवढंच. इथे पेठेपेठेत तालमी आहेत आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत. आता मुलींचेही आहेत. शर्वरी माहेरची अतिग्रे, चिंचगल्ली तालमीची. ईश्वरी पाणवठा तालमीची. या दोन तालमींचं वैर कशावरून सुरू झालं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही, पण वैर मात्र तब्येतीने टिकून आहे. शर्वरीने ईश्वरीच्या थोरल्या भावाशी, संग्रामशी लग्न केलं तेव्हा बैठकीत तिने एकच अट घातली होती. आडनाव बदलेन, जर्सी बदलणार नाही. पाणवठ्याच्या लोकांना तो अपमान वाटला. तिच्या सासूला, आक्कांना, मात्र सून पसंत पडली.

मी लॅपटॉप घेऊन सरनाईकांच्या घरी गेले. दोघी स्वयंपाकघरात होत्या. शर्वरी भाकरी थापत होती, ईश्वरी खोबरं भाजत होती, आक्का पाटावर बसून लसूण सोलत होत्या. या घरात नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ होतं की शेजारणींना जळायला निमित्त होतं. मी त्यांच्यासमोर चित्रफीत लावली. एकामागून एक सामने. प्रत्येकात ईश्वरी मोकळी, आणि प्रत्येकात बॉल दुसरीकडे.

"गप की मॅडम," शर्वरी हसली. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. "मी हिला न्हाई देत पास? हिला? सकाळी हिची वेणी कोण घालतंय? मीच घालतो न्हवं?"

ईश्वरी हसली नाही. तिने गॅस बंद केला. पूर्ण हंगामात तिचा एक गोल झाला नव्हता. पेपरांनी तिला संपलेली म्हटलं होतं, स्टेडियममध्ये तिच्यावर शिट्ट्या पडल्या होत्या.

"मला वाटायचं मीच चुकीच्या जागी जातोय," ती म्हणाली. "रोज घरी येऊन मी रडायचो, वहिनी. तूच जवळ घ्यायचीस मला."

"ईशी, मी मुद्दाम..."

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. भांडलो असतो आपण. आता भांडू कुणाशी? तुझ्या पायाशी?"

ती चपला घालून बाहेर गेली. भाकरी तव्यावर करपली तरी शर्वरी हलली नाही. आक्कांनीच ती उलथली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचं यंत्र लई गुणाचं हाय. खरं सांगून पण वाटोळं करतंय."

चूक कुणाची होती? मी सांगते, कुणाचीच नाही. चालायला लागल्यापासून ज्या पोरीने पाणवठ्याची निळी-पांढरी जर्सी दिसली की बॉल लपवायचा हेच पाहिलं आणि केलं, तिच्या पायात ते खोल बसलेलं. आज ईश्वरीच्या अंगात क्लबची भगवी जर्सी होती, पण ती धावायची पाणवठ्याच्याच धाटणीने, आधी मागे सरकून मग एकदम दूरच्या खांबाकडे झेप. शर्वरीच्या मनाला ती नणंद दिसायची. पायाला शत्रू दिसायचा. आणि बॉक्समध्ये मनाला विचारायला वेळ नसतो.

क्लबचे संचालक केळुसकर यांना मी अहवाल दिला. द्यावाच लागतो. दुसऱ्या दिवशी ते टोपी घेऊन हजर.

तिला शोधन टोपी म्हणतात. मेंदूतली जुनी सवय आपण वापरायला काढली की थोडा वेळ ती मऊ असते, ओल्या सिमेंटसारखी. मग पुन्हा घट्ट होते. त्या मऊ वेळात डोक्याच्या ठरावीक भागावर चुंबकीय ठोके दिले तर ती पूर्वीसारखी घट्ट होत नाही, विरून जाते. लीगमधल्या निम्म्या खेळाडूंनी खोडी घालवायला हे करून घेतलं होतं. आमच्या झोयानेही. तिचे पास आता कुणाला ओळखता येत नाहीत. फक्त पूर्वी बॉल पायाला लागला की ती हसायची, ते बंद झालं. विचारलं तर म्हणते, काही दुखत नाही, काही वाटतही नाही.

"एकच सवय काढायची आहे," केळुसकर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "शेवटचा सामना आहे. जिंकलो तर राहू, नाहीतर क्लब जाईल. बाकी तुम्ही आहात तशाच राहाल."

शर्वरीने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, खरं सांगा. एकच निघंल?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. केळुसकरांनी डोळे वटारले, पण मी पुढे बोलले. "सवयी काही वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेल्या नसतात. एक धागा ओढला की शेजारचे चार हलतात."

शर्वरीने टोपी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि केळुसकरांच्या हातात परत दिली.

"साहेब, हा पाय चिंचगल्लीत तयार झालाय. त्यात खोट हाय, मान्य. घरात तोंड दाखवायची लाज वाटाय लागलीय मला. पण खोट माझी हाय, मीच काढंन. न्हाई निघाली तर क्लब जाईल. तेव्हा मला शिव्या घाला, मी ऐकून घेतो. पर उद्या बॉल माझ्या पायाला लागला आणि मला कायच वाटलं न्हाई, तर मग मी कोण?"

"मग तुम्हाला बाहेर बसावं लागेल," केळुसकर म्हणाले.

आमचे प्रशिक्षक रोझारिओ सर गोव्याचे. एरवी फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "ती बाहेर बसली तर मी पण बाहेर बसतो. बॉल पुढे कोण नेणार, तुम्ही?"

केळुसकर टोपी घेऊन गेले. मला मनातून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण खुशी फार टिकली नाही. सरावात शर्वरी ठरवून ईश्वरीला पास द्यायला लागली आणि गोष्ट आणखीच बिघडली. ठरवून केलेली हालचाल शरीर लपवू शकत नाही. ती आधी ईश्वरीकडे पाहायची, पाय क्षणभर अडायचा, मग पास निघायचा. चाहूल तर सोडाच, तो पास मीसुद्धा ओळखला असता. न ठरवता पाय तिला पास देत नव्हता, आणि ठरवून दिलेला पास आधीच कळत होता. मध्ये वाटच नव्हती. ईश्वरी काही बोलत नव्हती. घरीही बोलत नव्हती. वेणी आता ती स्वतःच घालायची.

मग एका रविवारी शर्वरीच्या आईने दोघींना जेवायला बोलावलं, आणि वातावरण सैल करायला मलाही. ईश्वरी आक्कांच्या धाकाने आली. चिंचगल्ली ही एक अरुंद, दोनदा वळणारी गल्ली आहे. वळणावर चिंचेचं झाड आणि दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. तिथे पोरं खेळत होती. गंमत अशी की बॉल ज्याच्याकडे असतो त्याला वळणापलीकडचं काही दिसतच नाही. म्हणून पलीकडचा पोरगा ओरडतो, "हॉऽय टप!" आणि इकडचा न बघता बॉल भिंतीवर असा मारतो की तो वळून त्या आवाजाच्या पायाशी जातो. नाव घेऊन कुणी बोलवत नाही. आवाज आला की पास.

शर्वरी ओट्यावर बसून हातात ताट घेऊन जेवत होती. बॉल घरंगळत तिच्या पायाशी आला. वळणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "हॉऽय टप!" आणि तिने पांढऱ्या रश्श्याचा घोट घेताघेता, मानही न वळवता, पायाच्या बाहेरच्या कडेने बॉल टोलवला. भिंतीला टप्पा. पलीकडे पोरांचा कल्ला. ताटातलं काही सांडलं नाही. आपण काही केलं हेसुद्धा तिला कळलं नसावं.

मला कळलं. माझा घास तसाच राहिला. तिची कंबर फिरली नव्हती, अंगठा वळला नव्हता, नजर ताटात होती. या पासाची चाहूल लागण्यासारखं शरीरात काही नव्हतंच. आणि चाहूलला फक्त डोळे आहेत, कान नाहीत. मी ईश्वरीकडे पाहिलं. तिनेही ते पाहिलं होतं.

परत येताना मी तिला बाजूला घेतलं. "ती हाक तू घाल. सामन्यात."

तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिला चोरी करायला सांगितलं. "मॅडम, तुम्ही नाशिकच्या. तुम्हाला न्हाई कळायचं. ती हाक ऐकली की माझा बाप पानाची पिंक टाकायचा. शेवटच्या दुखण्यात पण टाकली. मी पाणवठ्याची पोरगी. सगळी तालीम बसणार स्टँडात. मी मरंन, पण ती हाक माझ्या तोंडातनं निघायची न्हाई."

"आणि क्लब गेला तर?"

"जाऊ दे. निदान कुणी म्हणणार न्हाई की सरनाईकांची पोरगी चिंचगल्लीला शरण गेली."

मी शर्वरीला काही सांगितलं नाही. तिला कळलं असतं तर तिने वाट पाहिली असती, आणि वाट पाहणारं शरीर लगेच ओळखू येतं.

शेवटचा सामना कोचीशी, आमच्याच स्टेडियममध्ये. गाव लोटलं होतं. चालक नसलेल्या रिक्षा चौकाचौकांत अडकून पडल्या, कारण रस्त्यात इतकी माणसं असतील हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पाणवठ्याचे लोक पूर्वेच्या स्टँडात, मध्ये आक्का. चिंचगल्लीचे पश्चिमेला. एकाच संघाला पाठिंबा द्यायला आलेले, पण एकत्र बसतील तर शपथ.

कोचीच्या मुली सगळ्या शोधन केलेल्या. सुरेख खेळत होत्या आणि बघताना जांभई येत होती. आमच्या पोरींच्या पायातून बॉल निघायच्या आत त्या तिथे पोचलेल्या असायच्या. तरी अल्फियाने, आमच्या गोलकीपरने, जीव तोडून गोल अडवले. उत्तरार्धही सरत आला, गोल कुणाचाच नाही. बरोबरी म्हणजे आमचा शेवट. केळुसकर माझ्या शेजारी नखं खात बसले होते. "टोपी घातली असती तर..." ते पुटपुटले. मी त्यांना म्हणाले, "आता गप्प बसा."

शर्वरीने मध्यातून बॉल घेतला. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि बॉक्सच्या तोंडाशी आली. कोचीच्या सगळ्या बचावपटू तिच्यावर आणि उजवीकडे झोयावर तुटून पडल्या. डावीकडे, दूरच्या खांबाशी, ईश्वरी. पुन्हा एकटी. पूर्ण हंगामभर होती तशीच. माझ्या पडद्यावर चाहूल ठामपणे उजवी बाजू दाखवत होती.

मी दुर्बिणीतून ईश्वरीकडे पाहत होते. तिने एकदा पूर्वेच्या स्टँडाकडे पाहिलं. तिचा जबडा आवळला. मग तिने मान वर केली आणि अशी ओरडली की स्टँडांच्या गोंगाटातूनही हाक मला ऐकू आली.

"हॉऽऽय टप!"

शर्वरीची नजर झोयावर होती. कंबर उजवीकडे, अंगठा उजवीकडे. आणि बॉल गेला डावीकडे, पायाच्या बाहेरच्या कडेने, भिंतीशिवाय, सरळ त्या आवाजाच्या पायाशी. कोचीच्या बचावपटू अजून उजवीकडेच धावत होत्या. ईश्वरीने थांबवलाही नाही. तसाच जाळ्यात घातला.

पश्चिमेचा स्टँड फुटला. पूर्वेचा स्टँड चिडीचूप. गोल झाला, क्लब वाचला, आणि पाणवठ्याची माणसं तोंडात मारल्यासारखी उभी. गोलानंतर पोरी उड्या मारत होत्या, पण शर्वरी जागची हलली नव्हती. ती स्वतःच्या पायाकडे बघत होती. ईश्वरी धावत तिच्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवलं. नंतर दोघी मैदानातच बसल्या आणि रडल्या. मीही रडले. मला त्यात लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणवठा तालमीची चार वजनदार माणसं सरनाईकांच्या दारात. ईश्वरीने तालमीत येऊन माफी मागावी, असं म्हणणं. मी आत चहा पीत होते. ईश्वरी उठली, शर्वरीही उठली. पण आक्का आधीच उंबऱ्यावर जाऊन उभ्या होत्या.

"हाक माझ्या पोरीची," त्या म्हणाल्या. "पाय माझ्या सुनेचा. गोल गावाचा. माफी कशाची मागायची? चहा पिणार असशीला तर आत या, न्हाईतर चपला तिकडंच हायत तुमच्या."

एक जण आत आला. बाकीचे निघून गेले, आणि त्यांच्यातले दोघे आजही या घराशी बोलत नाहीत. संग्रामचं तालमीतलं पदही गेलं. ईश्वरी म्हणते, गेलं तर गेलं. पण गणपतीत पाणवठ्याची मिरवणूक दारावरून न थांबता गेली तेव्हा ती खिडकीतून बराच वेळ बघत उभी होती. त्या दिवशी तिची वेणी शर्वरीने घातली.

मला चाहूलच्या कंपनीकडून विचारणा आली. त्यांच्या यंत्राचा इतका ठाम अंदाज पहिल्यांदाच चुकला होता. पासाच्या आधी खेळाडूला नेमका कोणता संकेत मिळाला, तो तुम्ही कृपया नोंदवावा, म्हणजे यंत्र शिकेल. नोंदवणं हे माझं कामच. मी रकाना उघडला आणि लिहिलं, 'वारा.' त्या दिवशी कोल्हापुरात पान हलत नव्हतं. केळुसकरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप मंजूर केलं.

आज हे सगळं मी बिनधास्त सांगतेय, कारण कंपनीला शेवटी पत्ता लागलाच. आता मैदानाभोवती कॅमेऱ्यांच्या जोडीला मायक्रोफोन लावलेत आणि चाहूलला 'हॉय टप' चांगलं ओळखू येतं. पण त्यांना ते जमेपर्यंत आमच्या पोरींनी हाक बदलली. नवी हाक दोघींनी मिळून बसवली, आणि आक्का गच्चीवर वाळवण घालताना ती शर्वरीवर आजमावून बघायच्या.

मला ती ठाऊक आहे. सांगणार नाही.